इंजिन मागे

गाडीची मागची सीट फाटकाजवळ भिंतीला टेकवून ठेवली होती. कुणीतरी भंगारवाल्यासाठी काढून ठेवली असेल, असं तिला आधी वाटलं. मग कापड ओळखीचं वाटलं. ती शेडकडे धावली. नवरा गाडीत गुडघ्यांवर बसून ग्राइंडरने तळाचा पत्रा कापत होता.

"अरे, हे काय चालवलंयस?"

ग्राइंडर थांबला. "इंजिन मागे घेतोय."

"मागे म्हणजे कुठे?"

"सीट होती तिथे. पुढच्या चाकांनी ओढण्यापेक्षा मागच्यांनी ढकलायचं. रेसच्या ट्रॅकवर चालवायला."

त्याने गॉगल परत डोळ्यांवर घेतला. हा माणूस टर्नर होता. लेथवर केसभरही चुकायचा नाही, पण स्वतः गाडी चालवायची म्हटली की त्याला घाम फुटायचा. दोघं कुठे निघाली की स्टिअरिंग तिच्याच हातात असायचं. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. ट्रॅक हा शब्द त्याच्या तोंडून ती सात वर्षांत पहिल्यांदा ऐकत होती.

पाच दारांचीच गाडी घ्यायची, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. मागे कोण बसणार, तेही ठरलं होतं. मूल व्हावं म्हणून घेतलेले उपचार तिसऱ्यांदा फसले, त्याला आता दहा दिवस झाले होते. आणि हा सीट काढून मोकळा झाला होता.

पुढचे पाच महिने तो कारखान्यातून आला की थेट शेडमध्ये शिरायचा. इंजिन आणि गिअरबॉक्स त्याने अख्खे उचलून मागे ठेवले. त्यांच्यासाठी लोखंडी चौकट जोडली. मागच्या चाकांकडे जाणारे शाफ्ट लेथवर कापले, एक आखूड झाला म्हणून दुसरा केला. जेवताना तो शाफ्टची लांबी सांगायचा. ती ऐकून घ्यायची. नवरा दारू प्यायला लागला असता, तर काय बोलायचं ते तिला ठाऊक होतं. शाफ्टला काय बोलणार?

एका दुपारी नणंद आली. शेडच्या दारातच तिने कपाळाला हात लावला. "इंजिन इथे? मग माणसं कुठे बसणार?"

"दोघंच तर आहोत, ताई," तो म्हणाला आणि दहा नंबरचा पाना शोधू लागला.

नणंदेला तिथेच सोडून ती स्वयंपाकघरात गेली. शेजारची शिंकसुद्धा ऐकू यायची, इतकी भिंत पातळ होती. तिने नळ पूर्ण सोडला आणि मग रडली.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा गल्लीतली निम्मी माणसं बाहेर आली. कप्प्यांतली भांडी वाजली. मधे एक पातळ पत्रा, आणि त्यामागे इंजिन थेट दोन सीटच्या पाठीशी.

"सायलेन्सर कधी बसवणार?" तिने विचारलं.

"नाही बसवायचा."

आता तिला उलगडा झाला. बायको काही बोलली तरी ऐकू येऊ नये, म्हणूनच हा एवढा आवाज घरात आणतोय. रागवावं की कीव करावी, हे मात्र तिला कळेना. त्या आठवड्यात तिने बॅग भरली.

"मी थोडे दिवस दादाकडे जाते."

तो फडक्याला हात पुसत राहिला. बराच वेळ एकच बोट पुसत होता. "रविवारी ट्रॅकवर ये," तो म्हणाला. "मग जा. मी अडवणार नाही."

रविवारी सकाळी टेम्पोतून गाडी ट्रॅकवर उतरवली. झेंडेवाला सोडला तर तिथे कुणी नव्हतं. ती सवयीने डाव्या दाराशी गेली. दिवसभर ती शिकणाऱ्यांच्या शेजारी तिथेच तर बसायची.

"तिकडे नाही," तो म्हणाला. "तू चालवणार."

"मी? अरे, पाच महिने तू खपलास!"

त्याने तिच्यापुढे हेल्मेट धरलं. सीटवर बसल्यावर तिचे पाय पेडलांवर बरोब्बर पोचले. तो बसला असता तर त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले असते. हे काय चाललंय, ते तिला आणखीनच कळेनासं झालं.

पहिली फेरी तिने जपून मारली. दुसऱ्या फेरीत वळणावर नेहमीसारखा ब्रेक दाबला. गाडीचं मागचं अंग सुटलं, सगळं मैदान काचेसमोरून गरगरत गेलं, आणि गाडी धुळीत उलट्या तोंडाने थांबली. इंजिन बंद पडलं. शेजारी तो दोन्ही हातांनी दाराची दांडी धरून बसला होता. चेहरा पांढराफटक.

"तुला एवढी भीती वाटते!" तिचा आवाज चिरकला. "मग कशाला केलंस हे सगळं? कुणासाठी?"

"हॉस्पिटलातून परत येताना तू म्हणालीस ना."

"काय म्हणाले?"

"की मला जोरजोरात ओरडायचंय, पण ओरडायला जागाच नाही. घरात ओरडले तर लोक धावत येतील."

तिला काही आठवेना. त्या दिवशीचा रस्ताही आठवत नव्हता.

"आठ दिवस जागा शोधली," तो म्हणाला. "मिळाली नाही. मग म्हटलं, आपल्याला जे येतं ते करावं."

धूळ हळूहळू खाली बसली. लांबून झेंडेवाला हात करून विचारत होता, ठीक आहात ना? नवऱ्याने अंगठा वर केला. मग त्याने तोच हात पुढे करून स्टार्टरच्या बटणावर ठेवला.

"आता ओरड. मला काही ऐकू येणार नाही," तो म्हणाला. "माझंही तुला येणार नाही."