सुदाम्याचं मांजर

कीर्तनाला उभी राहिलेली दहा वर्षांची शाल्मली सुदाम्याच्या कथेत मध्येच अडकली. शाळेत धडा वाचताना अडकायची, अगदी तशीच. झांजा थांबल्या. आम्हा श्रोत्यांचा जीव टांगणीला लागला.

तिला डिस्लेक्सिया, लिहिलेलं वाचून पाठ होत नाही. म्हणून तिला कीर्तन शिकवणाऱ्या बुवांनी तिच्याकडून सगळी कथा नऊ चित्रांत काढून घेतली होती आणि ती चित्रं आमच्या मागच्या भिंतीवर लावली होती. "बाळा, वर बघ. सुदामा कुठवर आला?" बुवांनी विचारलं.

तिनं पाचव्या चित्राकडे पाहिलं आणि खुदकन हसली. "मंडळी, सुदामा पोहे घेऊन निघाला, आणि वासानं त्याचं मांजरही मागोमाग निघालं!"

"मांजर कुठल्या पुराणातलं?" श्रोत्यांत बसलेले म्हातारे शास्त्रीबुवा पुटपुटले. पण सभामंडप हसत होता, झांजा वाजू लागल्या होत्या, आणि पोरगी एकेक चित्र पाहत थेट द्वारकेला पोहोचली, कृष्णाच्या मिठीपर्यंत.

प्रसाद घेताना शास्त्रीबुवांनी तिला हळूच विचारलं, "काय गं, त्या मांजराला पोहे मिळाले का?"

"सातव्या चित्रात बघा की, आजोबा!"

शास्त्रीबुवा चष्मा पुसत भिंतीकडे निघाले.