हाताला गार

"ताप नाहीये हो, नुसता खोकला आहे," औषधाच्या दुकानातल्या बाईंना तिने पुन्हा सांगितलं. आधी इंग्रजीत सांगून झालं, मग खोकून दाखवून झालं, आता सरळ मराठीत. परक्या मुलखात माणूस घाबरला की आपल्याच भाषेवर येतो. समोरच्याला कळो न कळो.

कडेवरच्या धाकट्याने मान टाकली होती. सहा वर्षांची थोरली काउंटरला हनुवटी टेकून उभी होती.

"आई, बाळ गरम आहे."

"नाही गं. मी बघितलंय हात लावून."

थर्मामीटर इकडे येताना भारतातल्या घरीच राहिला होता आणि नवरा सकाळी लवकरच कामाच्या बैठकीला गेला होता. "तूच बघ ना हात लावून," असं सकाळी फोनवर म्हणाला होता. मग काय, आपला हात जगन्नाथ. दिवसभर ती बाळाच्या कपाळाला, मानेला, पोटाला हात लावून बघत होती. दर वेळी अंग गार लागायचं, तरी पोर दुधाला तोंड लावत नव्हतं. दुसऱ्या कुणाला बघायला सांगावं, तर या अख्ख्या शहरात तिच्या ओळखीचं एक माणूस नव्हतं.

बाई काउंटरच्या बाहेर आल्या. वयाने तिच्या आईएवढ्या असतील. त्यांनी उलटा हात बाळाच्या मानेला लावला आणि चेहरा गंभीर करून मान हलवली.

"अहो, नाही, आत्ताच तर बघितलं," म्हणत तिने स्वतःचा तळवा बाळाच्या कपाळावर ठेवला.

बाईंनी तो तळवा आपल्या हातात घेतला, क्षणभर धरला. मग तोच उलटा हात तिच्या कपाळावर टेकवला. हात थंड होता, त्याला साबणाचा वास होता. बाईंनी तो लगेच काढला नाही.

तेव्हा तिला उमगलं. ती स्वतःच तापाने फणफणली होती. असल्या हाताला बाळ गारच लागणार. तिला रडू आलं. बाळाला दिवसभर तसंच ठेवलं म्हणून आलं, आणि तो हात आता निघेल म्हणूनही आलं.

बाईंनी बाळाला तिथेच औषध पाजलं. तिच्यापुढे गोळी आणि पाण्याचा ग्लास ठेवला. ती दाराजवळच्या बाकावर टेकली, तोच फोन वाजला.

"काय गं, ताप आहे का?" नवऱ्याने विचारलं.

"कोणाला?"

"म्हणजे? बाळाला. दुसरं कोण आजारी आहे?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "बाळाला आहे. औषध दिलंय."

"बरं झालं. ठेवतो मग."

थोरली बाकावर चढून उभी राहिली. बाईंनी ठेवला होता तसाच उलटा हात तिने आईच्या कपाळावर ठेवला.

"तुझा ताप मी बघत जाईन," ती म्हणाली. "माझा हात गार आहे."