अबू हैसमचा पाय

चार चाकं, चार निपल, पारदर्शक नळीचा एक तुकडा, लबनेचा, म्हणजे घट्ट दह्याचा, एक रिकामा डबा आणि सव्वा लिटर ब्रेक ऑइल. माणसं दोन. त्यांतलं एकच कामाचं, असं उस्ताद नुमानचं मत होतं.

शाळेच्या व्हॅनचं पुढचं चाक काढून नुमान तिथे आडवा झाला होता. आत पेडलवर त्याच्या बहिणीचा नवरा अबू हैसम. नुमान म्हणायचा, "दाब." अबू हैसम पेडल दाबून म्हणायचा, "धरलं." मग नुमान निपल, म्हणजे चाकामागचा हवा सोडायचा पोकळ स्क्रू, सैल करायचा, नळीतून तेल डब्यात पडायचं, निपल आवळून तो म्हणायचा, "सोड." ब्रेकमधली हवा काढण्यासाठी सकाळपासून चारही चाकांची ही सहावी फेरी होती. नळीत एकही बुडबुडा दिसत नव्हता, तरी पेडल स्पंजासारखं दबून तळाला टेकत होतं. दोन वाजता अकरा मुलींना घेऊन ही व्हॅन सल्त शहराचा उतार उतरणार होती.

"नळीत हवा नाही, म्हणजे खोट पायात आहे," नुमान म्हणाला. "तेव्हा दाबता आलं नाही, आता धरता येत नाही."

'तेव्हा' म्हणजे सहा वर्षांपूर्वी. अबू हैसमची टॅक्सी याच उतारावर बेकरीच्या भिंतीत घुसली होती. मागे बसलेल्या म्हाताऱ्याचे दोन्ही पाय गेले. पेडल तळाला गेलं, असं अबू हैसम पोलिसांना पुन्हा पुन्हा सांगत राहिला. ब्रेकचं काम नुमानने त्याच सकाळी केलं होतं. त्याने लिहून दिलं की ब्रेक ठणठणीत होते, माणूस घाबरला. शब्द उस्तादचा होता. टॅक्सी कुणी न उघडता भंगारात गेली, अबू हैसमचा परवाना गेला. बहिणीकडे बघून नुमानने त्याला पेडल दाबायला ठेवून घेतलं. गिऱ्हाइकांना तो ओळख करून द्यायचा, "हे आमचे पाय. डोकं घरी ठेवून येतात." गिऱ्हाइकं हसायची. अबू हैसम त्यांना चहा द्यायचा.

"उतर," नुमान आता म्हणाला. "पाना तू धर. पाय कसा ठेवतात ते बघ."

तो स्वतः वर बसला. अबू हैसम खाली आडवा झाला. नुमानने दाबलं, धरलं, सांगितल्यावर सोडलं. मग पुन्हा दाबलं. पेडल उस्तादच्या पायाखालीही तळाला टेकलं.

खाली अबू हैसमने निपलवर बोट ठेवलं.

"नुमान, हे निपल खालच्या बाजूला का आहे? मागच्या चाकांचं वर आहे. हवा तर वर जाते ना?"

नुमानच्या ओठावर शिवी आली होती. ती तशीच राहिली. चाकाची तबकडी आवळून धरणारे पुढचे दोन्ही कॅलिपर तो नेहमी एकाच टबात धुवायचा. डाव्या-उजव्याच्या खुणा नवशिक्यांनी कराव्यात, असं त्याचं म्हणणं. डावा उजवीकडे गेला, उजवा डावीकडे, तरी बोल्ट बिनबोभाट बसतात. मग निपल खाली येतं. खालून स्वच्छ तेल निघत राहतं आणि हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहते.

त्याने दोन्ही कॅलिपर उतरवले आणि अदलाबदल करून बसवले. पुन्हा वर जाऊन बसला. यावेळी नळीतून बुडबुडे आले, एकामागून एक, मग विरळ, मग थांबले. अबू हैसमने शेवटचं निपल आवळलं आणि पाना फडक्याला पुसला.

"तेव्हा माझ्या टॅक्सीचेही एकाच टबात धुतले होतेस?"

नुमानने पेडलवरून पाय काढून घेतला.

अबू हैसम दारातून आत वाकला. पेडल किती खाली जातं ते मोजायला त्याने शेजारी आपला हात आडवा धरला.

"दाब," तो म्हणाला.

नुमानने दाबलं. पेडल दोन बोटं खाली गेलं आणि थांबलं.