सुनेच्या नावावर लांडगा

"चिलखत काढलं, ढाल काढली, बूटसुद्धा काढले. बघ गं, अंगावर काही राहिलंय का," सासरे म्हणाले.

सून तोच खेळ उघडलेला आपला लॅपटॉप सोडून त्यांच्या स्क्रीनवर वाकली. बर्फात एक दाढीवाला शिकारी नुसत्या चड्डीवर उभा होता. त्याच्या पायाशी पांढरा लांडगा बसला होता, आणि लांडग्याच्या डोक्यावर हिरव्या अक्षरांत नाव होतं, ढब्बू. सहा वर्षांपूर्वी सासऱ्यांनीच त्याला पकडलं होतं आणि पाळलं होतं.

"अंगठी राहिलीय, बाबा. काट्यांची."

सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ती अंगठी घातलेल्याला जो चावेल, तोच घायाळ व्हायचा. ढब्बू चावता चावता स्वतःच मेला असता. या खेळात शिकारी मेला तर पुन्हा उठतो, जनावर उठत नाही.

"लक्षातच आलं नाही," ते पुटपुटले. खरं तर त्यांना ती दिसलीच नव्हती. चाळीस वर्षं भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आता स्क्रीनला नाक टेकवलं तरी सगळं धूसर. एवढं दिसणंही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. खेळात सात दिवस कुणी खायला घातलं नाही, तर पाळलेलं जनावर पळून जातं. म्हणून लांडगा सुनेच्या नावावर करायचा होता. मुलाने "माझ्या डोक्याला ताप नको" म्हणून केव्हाच हात वर केले होते.

नावावर करायची पद्धत मात्र भलतीच आडमुठी. आधी जनावर सोडून द्यायचं. सोडलं की ते रानटी होतं आणि पहिल्यांदा जुन्या मालकावरच तुटून पडतं. तेवढ्यात नव्या मालकाने मांस टाकून त्याला माणसाळवायचं. जुन्या मालकाने उलटून एक जरी वार केला, तर लांडगा खलास. मालक आधी मेला, तर लांडगा रानात पसार.

"माझं काहीही होऊ दे, तू मध्ये पडू नको," सासऱ्यांनी बजावलं. "फक्त मांस टाक."

सुनेने शिकाऱ्याच्या बोटातली अंगठी काढली. सासऱ्यांना 'सोडा'चं बटण काही केल्या सापडेना. सुनेने माऊस धरून बाण बटणावर नेला, तशी ते म्हणाले, "दाबणार मी." त्यांनी दाबलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून घट्ट बसले. बोटांचा काय भरवसा, सवयीने वार करून मोकळी व्हायची.

ढब्बू हे नाव गेलं. त्या जागी तांबडी अक्षरं आली, हिमलांडगा. दुसऱ्या क्षणी तो शिकाऱ्याच्या गळ्यावर होता.

सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. हातपाय झाडणाऱ्या पोरांच्याही शिरेत ती न चुकता सुई घालायची. आज तिने आपल्या लॅपटॉपवरच्या शिकारणीकडून मांसाचा पहिला तुकडा टाकला आणि लगेच दुसराही टाकायला गेली.

"घाई करू नको," सासरे म्हणाले. "आधीचा तुकडा संपू दे, मग दुसरा. माझा जीव किती उरलाय?"

"निम्मा."

"आता?"

"बोलू नका हो, बाबा!"

शिकारी गुडघ्यावर आला. त्याच्या जिवाची पट्टी नखाएवढी उरली, आणि लांडग्याच्या डोक्यावरची अक्षरं हिरवी झाली. सुनेला इतकं हायसं वाटलं, की तिचे डोळेच भरून आले.

"झालं, बाबा."

सासऱ्यांनी हात बाहेर काढले आणि चेहरा स्क्रीनजवळ नेला. पांढऱ्या बर्फात पांढरा लांडगा, त्यांना काय दिसणार!

"कुठाय? कुणाकडे बघतोय?"

लांडगा शिकाऱ्याकडे पाठ करून सुनेच्या शिकारणीच्या पायाशी बसला होता.

"तुमच्याकडेच बघतोय," ती म्हणाली.

सासरे स्क्रीनपासून मागे सरकले.

"मग झालं काय म्हणतेस? पाळलेलं जनावर आपल्या मालकाकडे बघतं. माझ्याकडे बघतोय, म्हणजे काम अर्धवट राहिलं. टाक आणखी मांस."

पायाशी शांत बसलेल्या त्या लांडग्यापुढे सुनेने मुकाट्याने आणखी एक तुकडा टाकला.