उरलेली साक्ष

"मिस्टर पेटवे, तुमची साक्ष वर्नेलला द्या," ओरा ली म्हणाली.

एझ्रा पेटवेने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अख्ख्या गावाला तो नुसता 'एझ्रा न्हावी' होता. गाव म्हणत नाही म्हणून बायको मात्र चाळीस वर्षं न चुकता त्याला मिस्टर म्हणत आली होती.

कोर्टाच्या आतल्या बोळात उजाडल्यापासून रांग लागली होती. अलाबामातल्या त्या जिल्ह्यात मतदार नोंदणीची खोली महिन्यातून दोनच सोमवारी उघडायची, आणि नोव्हेंबरचा हा दुसरा होता. काळ्या माणसाला नोंदणीसाठीच्या लिहिण्यावाचण्याच्या परीक्षेला बसायचं म्हटलं तरी आधी एखाद्या मतदाराने शपथेवर सांगावं लागे, की ह्याला मी ओळखतो. गोरं कुणी सांगत नसे. काळे मतदार सगळे मिळून नऊ, आणि प्रत्येकाला वर्षाला दोनच साक्षी. एझ्रा त्या नवांतला. एक साक्ष त्याने जुलैत भाच्याला दिली होती. दुसरी ओरासाठी जिवापाड जपली होती, कारण डॉक्टरांनी तिला नाताळपर्यंतची मुदत सांगितली होती.

"ती तुझी आहे," तो म्हणाला.

"माझी आहे ना? मग मी देतेय तिला."

भिंतीला टेकून वर्नेल बिब उभी होती, काळ्या मुलांच्या शाळेतली मास्तरीण. दोन हिवाळे तिने चर्चच्या तळघरात ओराला अक्षरं गिरवायला लावली होती. तिच्यासाठी जो साक्ष देणार होता, त्याच्या दुकानाच्या काचा काल फुटल्या, आणि तो आज फिरकलाच नाही.

"तिला जानेवारीत देईन मी," एझ्रा म्हणाला. "नवं वर्ष, नव्या साक्षी."

"अहो, ती कॉलेज शिकलेली. आज पास झाली तर जानेवारीत तिच्याही दोन साक्षी होतील. आणि मी पास झाले तर? थडग्यातून हात वर करू?"

तिने चर्चला जायची टोपी घातली होती, पांढरे हातमोजे घातले होते. घरात पिठाची एक पिशवी तिने कोरी ठेवली नव्हती, सगळ्यांवर स्वतःचं नाव लिहून काढलं होतं. आयुष्यात एकदा नोंदणीच्या टेबलाशी बसून तिला ते लिहायचं होतं, बाकी काही नको होतं. हे एझ्राला पक्कं ठाऊक होतं. पण बायकोचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती. तेवढ्यात आतून हाक आली आणि तो वर्नेलबरोबर आत गेला.

नोंदणीचे साहेब, मिस्टर डनवे, बोलायला मऊ होते.

"एझ्रा, हिला ओळखतोस?"

"आठ वर्षं, साहेब."

"शपथेवर?"

"शपथेवर."

"वाईट वाटून घेऊ नकोस हं. खोटी मतं फार पडतात रे. ह्या जिल्ह्यात मेलेली माणसंसुद्धा मत देऊन जातात. तेव्हा समोरचं माणूस खरं आहे, एवढं कुणीतरी सांगायला नको?"

वर्नेलने राज्यघटनेचं कलम न अडखळता वाचलं. त्याचा अर्थ लिहिला. मग चार पानी अर्ज भरायला बसली. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर एक गोरा शेतकरी आला, कारकुनाने बोटाने दाखवलं तिथे त्याने सही केली आणि तो टोपी घालून गेलासुद्धा.

डनवेसाहेबांनी पानं उलटली. तिसऱ्या पानावर तारीख लिहिताना वर्नेल चुकली होती. एक आकडा खोडून तिने पुन्हा लिहिला होता.

"खाडाखोड," साहेब म्हणाले. "असा अर्ज घेता येत नाही, वर्नेल."

एझ्रा पुढे झाला.

"साहेब, हिचं नाव तर चढलं नाही. मग माझी साक्ष शिल्लकच राहिली ना?"

"असं कसं? साक्ष तू दिलीस, नापास ती झाली."

"माझी बायको दाराशीच बसलीय, साहेब. नापास करा तिला, चालेल. फक्त खुर्चीवर बसू द्या. नाव लिहू द्या."

"जानेवारीत घेऊन ये की," साहेब म्हणाले, आणि अगदी मायेने म्हणाले.

बोळात वर्नेलला ओराकडे बघवेना. ओराने पर्समधून रुमाल काढून तिच्या हातात कोंबला. "रडतेस काय? उद्या मंगळवार, धडा आहे माझा. बुट्टी मारायची नाही."

गाडीत बसल्यावर ती हातमोजे काढू लागली, एकेक बोट ओढून. एझ्रा किल्ली हातात धरून समोर बघत होता. आज एकदा तरी आपण हिचं ऐकायला नको होतं, हा एकच विचार त्याचं काळीज कुरतडत होता.

"जानेवारीत या म्हणाले," तो कसाबसा बोलला.

"ऐकलं मी. दार उघडंच होतं."

तिने हातमोज्यांची घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"इथं मेलेली माणसंही मत देऊन जातात, असं म्हणाले ना ते?"

"म्हणाले."

"मग मला जानेवारी चालेल की, मिस्टर पेटवे."