बत्तीस की चाळीस

"चाळीसचा काढ," थोरला म्हणाला. नऊ वर्षांनी धाकट्या बहिणीच्या दुकानात पाऊल टाकल्यावर त्याचे हे पहिले शब्द.

धाकटीने हातातला ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकला. दारात एक जुनी गाडी बॉनेट उघडून उभी होती आणि गाडीशेजारी तिची मालकीण, दाताची डॉक्टर. जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर आता गावात एका धाकटीकडेच मिळायचे. म्हणून तर थोरल्याला झक मारत यावं लागलं होतं.

"इंजिनात काय काय केलंस?" तिने विचारलं.

"बोअर वाढवलाय, कॅम बदललाय, सायलेंसर मोठा टाकलाय." उत्तर बहिणीला होतं, पण नजर डॉक्टरीणबाईंकडे. "छाती मोठी केली तर नाकही मोठंच हवं ना, मॅडम?"

धाकटीनेही मग त्यांनाच विचारलं, "गाडी कुठं चालवता?"

"घर ते दवाखाना. मधे अकरा सिग्नल आहेत, हा कोपऱ्यावरचा धरून. रोज मोजते."

"मग बत्तीसचा बसवा. चाळीसचा घसा फार रुंद, चाळीस मिलिमीटर. गाडी हळू असली की आत हवेला जोर राहत नाही, पेट्रोल वर ओढलं जात नाही. मोकळ्या रस्त्यावर पळेल झकास, पण सिग्नलवरून उचलताना बंद पडेल."

"बत्तीस म्हणजे माझ्या ओळखीचा आकडा," डॉक्टरीणबाई हसल्या.

थोरला हसला नाही. "हिचं काय ऐकताय, मॅडम? ही कार्बोरेटर पुसते. इंजिन मी बांधलंय."

पुसते. नऊ वर्षांपूर्वी बाबांच्या गॅरेजवर 'आणि चिरंजीव' अशी नवी पाटी चढवली, त्या दिवशीही सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तो हेच म्हणाला होता. हिला पुसण्यापलीकडे काय येतं? त्या गॅरेजमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीचा कार्बोरेटर तोवर तिनेच लावलेला होता. तरी तिची हत्यारांची पेटी उचलून त्याने रस्त्यावर नेऊन ठेवली. ती पेटी आता या दुकानाच्या दाराशी होती. तो दिवस धाकटी विसरली नव्हती, आणि विसरायचा प्रयत्नही तिने कधी केला नव्हता.

"दादा, मी बत्तीस सांगितलाय," ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली. "यांच्यासमोर सांगितलाय."

"ऐकलं. चाळीस काढ."

लहानपणापासून याचं हे असंच. तिने उजवीकडे म्हटलं की हा डावीकडे जाणार. बाबांना त्याच्याकडून काही करून घ्यायचं असलं, की ते तिला हळूच उलटं बोलायला सांगायचे. आज त्याला खरोखर बत्तीस घ्यायला लावायचा असता, तर तिने चाळीसचं तोंड भरून कौतुक केलं असतं. ती खरं बोलली होती, शब्दन् शब्द खरं, आणि त्याचा तिला मनापासून आनंद होत होता. डॉक्टरीणबाईंचं तेवढं वाईट वाटलं. थोडंसं.

तिने चाळीसचा काढला. जेट एकेक फुंकून पाहिले, पॅकिंग नवं कापलं, चारही नट सारखे आवळले. रात्री झोप लागत नसे तेव्हा कितीदा तरी तिने मनातल्या मनात याच्या एखाद्या गाडीचा नट सैल सोडला होता. आज मात्र इतकी नीट जोडणी तिने आयुष्यात केली नसेल. उद्या कुणाला बोट ठेवायला जागा नको.

इंजिन सुरू झालं. थोरल्याने उभ्या गाडीत रेस दिली, तसं ते असं काही गरजलं की समोरचे टायरवाले काका टायर सोडून बघत राहिले.

"काय, बंद पडतेय का?" थोरला स्टिअरिंगमागून म्हणाला. डॉक्टरीणबाई शेजारी बसल्या आणि गाडी निघाली.

कोपऱ्यावरचा सिग्नल दुकानापासून चाळीस पावलांवर होता. तो लाल झाला, गाडी थांबली. हिरवा झाला, गाडी पुढे झेपावली, तिला दोन ठसके लागले आणि ती चौकात मधोमध गप्प झाली. स्टार्टर रडायला लागला. मागे हॉर्न सुरू झाले. धाकटीने बत्तीसचा काढून पुसायला घेतला.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई चालत परत आल्या. "ताई, ते म्हणतायत जोडणी चुकली."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, बत्तीस."

"बसवते की. अर्ध्या तासाचं काम. पण गाडी त्याने इथं आणायची आणि बत्तीस दे असं त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं."

"ते नाही हो म्हणणार."

"न म्हणून जातो कुठं? अजून दहा सिग्नल आहेत."

चौकात हॉर्न वाढले. थोरला उतरला, त्याने बॉनेट उघडलं, आपटलं. मग एकदा दुकानाकडे पाहिलं. धाकटी दाराशी पेटीवर बसली होती, बत्तीसचा मांडीवर घेऊन. त्याने मान फिरवली, तो गाडीच्या पुढे गेला आणि दोन्ही हात टेकून तिला उलटी, दुकानाकडे रेटायला लागला.

टायरवाले काका हात पुसत मदतीला निघाले.

"राहू द्या, काका," धाकटी म्हणाली. "पुसायचं काम नाहीये ते. त्याला एकट्याला जमेल."

आणि ती पेटीवरून उठली नाही.