खुर्चीतून उठून केलेला नमस्कार

व्याधी दिसत नसेल, तर तिचा साक्षीदार एकटा रोगीच असतो. म्हणून त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हा इतरांचा धर्म होय. संभाजीनगरच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेजवळ जालन्याची नेहल चाकांच्या खुर्चीत बसली होती. तिच्या स्नायूंच्या आजारात पायांतले बळ क्षणभर टिके आणि मग सरून जाई. तेवढ्यात तिच्या घराशेजारचे, बियाण्यांचे व्यापारी रामनिवासजी समोर आले. थोरांना बसून नमस्कार करण्याची नेहलच्या घरी रीत नव्हती. नेहल उठली आणि वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावला. "वा बेटा, बराबर उभी राह्यली की तू! मंग ही गाडी कशाला? रांग चुकवायला?" ते हसले, आणि रांगेतले लोकही हसले. "नाही काकाजी, पाय..." एवढेच बोलून तिने मान खाली घातली, खुर्ची तिथेच सोडली आणि ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. थोड्याच वेळात पायांतले बळ सरले, आणि ती सगळ्यांसमोर फरशीवर कोसळली. तिने ओढणीने तोंड झाकून घेतले, जणू अपराध तिचाच होता. रामनिवासजी खुर्ची ढकलत आले. त्यांनी तिला धरून बसवले, पण तिच्याकडे पाहण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. "आता उठू नको, बेटा. माझ्यासाठी तर बिलकुल न्हाई." मघाशी नमस्कार घेताना आशीर्वाद द्यायचा राहून गेला होता. तो त्यांनी खुर्चीमागे उभे राहून, तिच्या मस्तकावर हात ठेवून दिला. तो आशीर्वाद फळो.